त्रिनिदाद: माराकासची दुपार, वॉटर्लूची संध्याकाळ

न्यू जर्सीत जानेवारी उजाडला की रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळवंडून पडलेले असतात. बाबा नोव्हेंबरात माझ्याकडे आले तेव्हा पहिला बर्फ बघून लहान मुलासारखे अंगणात जाऊन उभे राहिले होते. दोन महिन्यांत ती हौस फिटली. एका सकाळी खिडकीशी चहा घेता घेता म्हणाले, "समुद्रात पाय बुडवून किती दिवस झाले गो." कुडाळचा माणूस. निवती-भोगव्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर असण्याची सवय जन्माची. त्यांना इथला गोठवणारा अटलांटिक दाखवून काही उपयोग नव्हता.

जानेवारीतला तिसरा सोमवार सुट्टीचा असतो. तीन दिवस हातात होते. कॅरिबियनमधल्या पाच-सहा बेटांची नावं मी त्यांना वाचून दाखवली. अरुबा, बार्बाडोस, जमैका असं म्हणत म्हणत त्रिनिदादवर आले, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे पोर्ट ऑफ स्पेन?" झालं, तिकडेच जायचं ठरलं.

शनिवार, संध्याकाळ

न्यू यॉर्कहून साधारण पाच तासांत पियार्को विमानतळावर उतरलो. विमानाचं दार उघडलं आणि दमट, ओल्या मातीच्या वासाची गरम हवा अंगावर आली. बाबांनी स्वेटर काढून खांद्यावर टाकला आणि मोठा श्वास घेतला. "जून लागल्यासारखं वाटतंय."

बाबांची बॅग मात्र आली नाही. पट्टा फिरून फिरून थांबला, दिवे मालवले, तरी नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर तासभर गेला, शेवटी एक कागद हातात पडला. सुदैवाने रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होत्या. वडीलधाऱ्या माणसांना घेऊन निघाल तर एवढं कराच: औषधं, एक जोडी कपडे आणि चष्मा कायम हातातल्या सामानात ठेवा. आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आपल्याला सुचत नाही. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे या देशात वापरायला कायद्यानेच बंदी आहे. मुलांची तसली हाफ पँट किंवा टोपीसुद्धा नेऊ नका.

राहायची सोय राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या वुडब्रूक भागात एका घरगुती गेस्ट हाउसमध्ये केली होती. मालकीणबाईंनी दार उघडलं आणि हसून "गुड नाइट" म्हणाल्या. बाबा क्षणभर गोंधळले. आल्या आल्या निरोप कसला? मग कळलं, इथे अंधार पडल्यावर भेटतानाही "गुड नाइट"च म्हणतात. दुकानात शिरताना, टॅक्सीत बसताना, रांगेत उभं राहताना आधी "गुड मॉर्निंग", "गुड आफ्टरनून" म्हणायचं आणि मग कामाचं बोलायचं. न बोलता थेट भाव विचारला तर समोरचा माणूस दुखावतो. दुसऱ्या दिवसापासून बाबा रस्त्यावर दिसेल त्याला मोठ्याने अभिवादन करू लागले आणि प्रत्येक जण थांबून उत्तर देऊ लागला.

रात्री कोपऱ्यावरच्या गाडीवर डबल्स खाल्ले. मैद्याचे हळद घातलेले दोन मऊ, तळलेले 'बारा', त्यावर पळीभर रस्सेदार 'चन्ना', वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि तिखट. विक्रेता विचारतो, "स्लाइट?" म्हणजे तिखट थोडंच ना? बाबांनी मालवणी मसाल्यावर पोसलेल्या आत्मविश्वासाने जास्त मागितलं. ती मिरची वेगळ्याच जातीची आहे, तिचा तिखटपणा कानापर्यंत पोचतो. तुम्ही "स्लाइट"च म्हणा. खायची पद्धत बघण्यासारखी आहे. कागदाची पुडी तळहातावर उघडायची, वरचा बारा तोडून त्यानेच चणे उचलायचे, आणि हे सगळं गाडीजवळ उभ्याउभ्या. बाबांनी डोळ्यांतून पाणी काढत दोन संपवले आणि तिसरा मागितला.

"बारा म्हणजे आपला वडाच," ते म्हणाले. हा पदार्थ १९३०च्या दशकात इथेच जन्माला आला, भारतातला तो नाही, पण 'बारा' आणि 'चन्ना' हे त्यातले शब्द भारतातून आलेले आहेत.

रविवार, सकाळ

दहा वाजता क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानापाशी होतो. गेस्ट हाउसपासून चालत दहा-बारा मिनिटं. त्या दिवशी सामना नव्हता. दारावरच्या पहारेकऱ्याला बाबांनी आधी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मी गावसकरच्या देशातून आलोय. त्या माणसाने फाटक उघडून आम्हाला आत कठड्यापाशी नेलं. "टेन मिनिट्स," म्हणाला.

समोर हिरवंगार मैदान, पाठीमागे उत्तरेकडच्या डोंगररांगा, त्यांच्या माथ्यावर ढग. बाबा कठड्याला हात टेकून उभे राहिले. मार्च १९७१मध्ये ते कुडाळला शाळेत होते. मुंबईचा पेपर एक दिवस शिळा यायचा आणि एकाच पेपरभोवती पाच डोकी जमायची. याच मैदानावर सुनील गावसकर आपला पहिला कसोटी सामना खेळले: पहिल्या डावात ६५, दुसऱ्या डावात नाबाद ६७. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ केल्या. अजित वाडेकर कर्णधार. भारताने वेस्ट इंडिजला सात गडी राखून हरवलं, आणि त्यांच्याविरुद्धचा भारताचा तो पहिलाच कसोटी विजय. सलीम दुराणींनी सोबर्स आणि लॉइडला कसं बाद केलं, ते बाबांनी पहारेकऱ्याला हात फिरवून दाखवलं. त्याचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण तो मन लावून ऐकत होता. मग त्यानेच सांगितलं, १९७६ साली तुम्ही लोकांनी इथेच चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढल्या, माझे वडील त्या सामन्याला होते. बाबा लगेच म्हणाले, "चार बाद ४०६!" दोघांनी हात मिळवले. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, कुणी आम्हाला जा म्हटलं नाही.

रविवार, दुपार: माराकास

अकरानंतर आमचा अर्ध्या दिवसाचा फेरा सुरू झाला. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंच्या ओळखीचे एक टॅक्सीवाले काका होते, साठीचे, भारतीय वंशाचे. आम्हाला माराकासचा किनारा आणि वॉटर्लूचा सूर्यास्त दोन्ही हवे होते. काका म्हणाले, "रविवार आहे म्हणून जमेल. इतर दिवशी दुपारनंतर दक्षिणेचा हायवे तुंबतो." माराकास हे त्रिनिदादच्या उत्तर किनाऱ्यावर, वॉटर्लू पश्चिमेला. नकाशात ही दोन टोकं जवळ दिसतात, पण मध्ये डोंगर आणि शहर आहे. असा बेत आखायचा तर रविवारच निवडा, गाडी दिवसाच्या ठरलेल्या भाड्याने घ्या आणि आकडा निघण्यापूर्वी पक्का करा. आणि हो, इथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना चुकायला होत नाही.

मारावाल मागे पडलं आणि रस्ता डोंगरात शिरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने चाग्वारामासचा भाग तळासाठी ताब्यात घेतला, तिथले किनारे लोकांना बंद झाले, आणि त्या बदल्यात हा उत्तर किनाऱ्याचा रस्ता त्यांनी बांधून दिला. अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना बांबूची बेटं. आंबोली घाटाचीच आठवण व्हावी असा. झाडीत मधेच केशरी पेटलेलं एक झाड दिसलं. बाबा ओरडले, "पांगारा!" काका म्हणाले, इमॉर्टेल. कोकोच्या बागांना सावली म्हणून लावायचे. आपल्या पांगाऱ्याचाच हा भाऊबंद, फुलतोही तसाच, पानं गळाल्यावर. त्यानंतर प्रत्येक वळणावर बाबा ते झाड शोधत होते.

घाटमाथ्यावर समुद्र दिसतो तिथे गाड्या थांबतात. तिथल्या टपऱ्यांवर 'चाव' मिळतं. कैरीच्या किंवा अननसाच्या फोडी मीठ, मिरची, लसूण, लिंबू आणि 'शाडो बेनी' नावाच्या पानांत कालवून प्लास्टिकच्या पिशवीत देतात. शाडो बेनीची पानं लांबट, कडेला कातरलेली, वास थेट कोथिंबिरीचा पण दुप्पट उग्र. काका सहज म्हणाले, "माय आजी यूज्ड टु कॉल इट बंधनिया."

आम्ही दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. बंधनिया, म्हणजे बनधनिया, रानातली कोथिंबीर. पण आम्हाला थांबवलं ते दुसऱ्या शब्दाने. "आजी?" बाबांनी विचारलं. हो, आजी म्हणजे वडिलांची आई, आजा म्हणजे वडिलांचे वडील, काका म्हणाले. आईकडचे ते नाना-नानी. त्यांना वाटलं आम्हाला कळलं नाही, म्हणून ते सावकाश समजावून सांगत होते. त्यांचं इंग्रजी इथल्या चालीचं, हिंदीची चार वाक्यंही त्यांना येत नाहीत, भोजपुरी तर दोन पिढ्यांपूर्वीच घरातून गेली. पण आजी राहिली. बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्याकडेसुद्धा आजी!" काकांना खरं वाटेना. त्यांनी तीन वेळा विचारून घेतलं.

माराकासचा किनारा चंद्रकोरीसारखा आहे, मागे माडांची रांग आणि त्यामागे लगेच उठलेला हिरवा डोंगर. पाणी निळं, वाळू फिकट बदामी. रविवार असल्याने गर्दी होती, पण ती घरगुती गर्दी. मोठमोठी पातेली घेऊन आलेली कुटुंबं, माडाखाली पत्ते खेळणारे म्हातारे, गाडीच्या डिकीतून वाजणारं गाणं. लाटा मात्र जोराच्या आहेत आणि पाणी आत ओढतं. जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे रोवून जागा आखून देतात, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं. लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरूच नका, पोहायला कितीही चांगलं येत असलं तरी.

बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. बॅग हरवल्यामुळे दुसरी पँट नव्हती, त्यामुळे जपून उभे होते. तिसरी लाट आली आणि कमरेपर्यंत भिजवून गेली. मग त्यांनी जपणं सोडून दिलं. अर्धा तास ते पाण्यात उभे होते, लाट आली की उडी मारायची, गेली की पायाखालची वाळू सरकू द्यायची. अडुसष्टाव्या वर्षी त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. किनाऱ्याच्या टोकाला कोळ्यांच्या होड्या ओढून ठेवल्या होत्या. तिथे पाणकोळी, म्हणजे पेलिकन, हवेतून दगडासारखे कोसळत होते, प्रत्येक सूर फसला तरी पुन्हा वर चढत होते.

मग 'बेक अँड शार्क'. माराकासला जाऊन हे न खाता कुणी परत येत नाही. बेक म्हणजे तेलात तळून फुगवलेली जाड भाकरी, आत मसाला लावून तळलेल्या शार्कचा तुकडा. पुढे लांबलचक टेबल असतं, त्यावरच्या चटण्या आणि कोशिंबिरी आपण आपल्या हाताने भरायच्या: शाडो बेनीची हिरवी चटणी, चिंच, लसूण, कोबी, अननस, मिरची. आम्ही रिचर्ड्स नावाच्या टपरीच्या रांगेत उभे राहिलो. पहिला घास घेतला आणि बाबांनी माझ्याकडे बघितलं. "अगो, ही तर मोरी!"

मोरी म्हणजे आपल्याकडची छोटी शार्क. मालवणात मोरीचं मटण होतं, आमच्या घरी पावसाळ्याच्या तोंडावर हमखास. तोच घट्ट, काट्याशिवायचा मांसल पोत. पण आई ती खोबऱ्याच्या वाटणात शिजवायची, आणि इथे ती भाकरीत बसून आली होती. शार्कची संख्या जगभर घटते आहे, त्यामुळे आता बरेच स्थानिक लोकही सुरमईसारखा दुसरा मासा किंवा कोळंबी मागतात, तेही टपऱ्यांवर मिळतं. पुन्हा गेले तर मीही तेच मागेन. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. बेकमध्ये नुसत्या त्या टेबलावरच्या वस्तू भरल्या तरी पोट भरतं.

अडीचला निघालो तेव्हा डोंगरावरून एक सर धावत आली. जानेवारी म्हणजे इथे कोरडा ऋतू, मे महिन्यापर्यंत चालणारा, पण उत्तरेकडच्या डोंगरात कधीही पाच मिनिटांचा पाऊस पडतो. बाबांचे कपडे तसेही ओलेच होते.

रविवार, संध्याकाळ: कारापिचायमा आणि वॉटर्लू

शहर ओलांडून दक्षिणेला लागलो की प्रदेश पालटतो. डोंगर मागे राहतात, सपाट मैदान लागतं. एके काळी हा सगळा ऊस. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली आणि शेतांत गवत माजलं. काकांचे वडील आणि आजा दोघेही उसातले. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय मजूर घेऊन इथे पोचलं. १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं अशी करारावर आली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधली. ३० मे हा दिवस इथे राष्ट्रीय सुट्टीचा आहे. तुमचं गाव कोणतं, असं बाबांनी काकांना विचारलं. काकांनी आरशातून बघत मान हलवली. गाव माहीत नाही, जहाज माहीत आहे.

घरांच्या अंगणात बांबूंवर रंगीत झेंडे दिसू लागले: लाल, पिवळे, निळे, पांढरे. त्यांना इथे 'झंडी' म्हणतात. घरात पूजा झाली की ज्या देवाची पूजा त्याच्या रंगाची झंडी अंगणात उभी करायची, लाल हनुमानाची. जुनी झंडी उपटत नाहीत, ती वाऱ्यापावसाने विरत जाते. एकेका अंगणात दहा-दहा बारा-बारा बांबू होते. त्या घरात किती वेळा पूजा झाली ते रस्त्यावरून मोजता येत होतं.

कारापिचायमाला गाडी वळली आणि समोर हनुमान उभा राहिला. ८५ फूट उंच, आजूबाजूला एकमजली घरं, त्यामुळे मान पार मागे टाकावी लागते. म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या प्रेरणेने ही मूर्ती २००३ साली उभी राहिली. मी एवढंच वाचून गेले होते. आवारातलं देऊळ कुणाचं, ते मी बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं.

दक्षिणी पद्धतीचं देऊळ, दारात दोन मोठे दगडी दिसणारे हत्ती. बाबा आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. दत्तात्रेय. बाबा दरवर्षी दत्तजयंतीला माणगावला जातात, टेंबेस्वामींच्या जन्मगावी, कुडाळपासून जवळच. या वर्षी पहिल्यांदाच चुकलं होतं आणि डिसेंबरात त्या दिवशी न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात फोटोसमोर बसून त्यांनी आरती म्हटली होती. इथे त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात "दिगंबरा दिगंबरा, श्रीपादवल्लभ दिगंबरा" सुरू केलं. ओली पँट, वाळूने भरलेले पाय. देवळात झाडलोट करणारी एक बाई झाडू बाजूला ठेवून उभी राहिली. शब्द तिला कळत नव्हते, पण बाबांचं म्हणून होईपर्यंत तिने झाडू पुन्हा उचलला नाही.

सव्वापाचला वॉटर्लूला पोचलो. सूर्यास्त या दिवसांत सहाच्या सुमाराला असतो आणि विषुववृत्ताजवळ असल्याने संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पंधरा-वीस मिनिटांत अंधार. त्यामुळे पाऊण तास तरी हाताशी ठेवून जा. डास चावतात, अंगाला लावायचं मलम सोबत असू द्या. शक्य असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. आम्ही ओहोटीला गेलो होतो, तेव्हा काठापासून दूरपर्यंत नुसता चिखल असतो. हा किनारा पोहण्याचा नाही, वाळूही नाही. हे पारियाचं आखात, गढूळ, शांत, लाट जवळजवळ नाहीच. पलीकडे व्हेनेझुएला.

आणि त्या पाण्यात एक अष्टकोनी पांढरं देऊळ, त्याच्यापर्यंत जाणारी दगडी वाट.

या देवळाची गोष्ट काकांनी काठावर उभं राहून सांगितली. सिवदास साधू हा उसाच्या मळ्यातला मजूर. लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून आलेला. १९४७ साली त्याने समुद्रकाठी एक छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. कंपनीने देऊळ पाडायला सांगितलं, तो ऐकेना. कोर्टाने त्याला १४ दिवस तुरुंगात टाकलं, देवळावर बुलडोझर फिरवला. साधू सुटून आला आणि म्हणाला, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही. मग तो समुद्रात भर घालू लागला. सायकलच्या हँडलला बादल्या लटकवून दगड, वाळू, सिमेंट आणायचं. ओहोटी लागली की चिखलातून चालत जायचं, लोखंडी पिंपं उभी करायची, त्यात काँक्रीट भरायचं आणि भरती यायच्या आत परत फिरायचं. एकट्याने, वर्षानुवर्षं. आजूबाजूचे लोक त्याला वेडा म्हणत. समुद्र त्याचं काम खात राहिला, तो पुन्हा घालत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर बांधकाम ढासळत गेलं. भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं होत आली तेव्हा सरकारने ते पुन्हा नीट बांधलं, १९९५मध्ये. आता वाटेच्या सुरुवातीला साधूचा पुतळा आहे.

मी खाली वाकून बघितलं. ओहोटीमुळे वाटेच्या कडेचे दगड उघडे पडले होते, त्यांना कालवं चिकटलेली. चिखलात अर्धवट रुतलेली एक झंडी, फुटका नारळ, झेंडूच्या माळेचा दोरा. लोकांनी समुद्राला वाहिलेलं समुद्र परत आणून ठेवतो. एक पांढरा बगळा त्या नारळाभोवती सावकाश पाय टाकत फिरत होता. जवळच दहनाची जागा आहे, हिंदूंच्या चिता तिथे पेटतात आणि राख याच पाण्यात जाते. तिथे फोटो काढू नका. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं, नुसती काळी पडलेली जमीन होती.

देवळाजवळ एका कुटुंबाची पूजा आटोपत आली होती. सात-आठ माणसं, मधोमध खुर्चीत एक म्हातारी, डोक्यावर पांढरी ओढणी. एक पाच-सहा वर्षांची मुलगी वाटेवरून धावत आली आणि ओरडली, "आजी! आजी, लुक, द सन!"

बाबा वळलेच. त्यांना चार नातवंडं आहेत, आणि आमच्या आईला ती सगळी याच शब्दाने हाक मारतात. त्या हाकेतला 'जी' थोडा लांबवलेला होता, एवढाच फरक. म्हातारीने बाबांना आपल्याकडे बघताना पाहिलं. "सीताराम," ती म्हणाली. "सीताराम," बाबा म्हणाले. पुढे दोघांची एक भाषा नव्हती. ती इंग्रजीत, बाबा मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. नातवंडं किती? तिने दोन्ही हातांची बोटं दाखवली आणि पुन्हा एक बोट. बाबांनी चार दाखवली. तिने सुनेला हाक मारली आणि तपकिरी कागदाची एक पुडी मागवली. "परसाद. फॉर द रोड."

सूर्य तोपर्यंत आखातावर टेकला होता. चिखलावर पाण्याचा पातळ थर होता, त्यामुळे आकाशातलं केशरी खालीही उतरलं, आणि देऊळ दोन आकाशांच्या मध्ये उभं राहिलं. तांबूस बगळ्यांसारख्या पक्ष्यांची एक रांग उत्तरेकडे गेली. काका म्हणाले, स्कार्लेट आयबिस, कारोनीच्या खारफुटीत रात्रीच्या वस्तीला निघालेत. त्रिनिदादचा हा राष्ट्रीय पक्षी. खेकडे-कोळंबी खाऊन त्यांना तो लाल रंग येतो. बोटीतून तो देखावा बघायची सहल दुपारी चारच्या सुमाराला निघते. दुसरा एखादा दिवस असता तर मी त्यासाठी ठेवला असता.

ती छोटी मुलगी कठड्यावर बसून सूर्य बुडेपर्यंत आकडे मोजत होती. एकोणतीसला तो गेला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पूजेच्या ताटातल्या निरांजनाची ज्योत तेवढी वाऱ्याने आडवी झाली आणि सुनेने तिच्यावर ओंजळ धरली.

अंधार पडल्यावर तिथे रेंगाळू नये असं काकांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. रात्री निर्जन भागात थांबू नका, परतीची गाडी आपल्याबरोबरच असू द्या. वाटेत चाग्वानासला थांबून काकांनी आम्हाला सहिना खाऊ घातला. अळूच्या पानांवर वाटलेल्या डाळीचं सारण लावायचं, गुंडाळी करायची, कापून तळायचं. बाबांनी चकती उलटीसुलटी करून बघितली आणि काकांना सांगितलं, "आमची अळूवडी." दिवसभरात काकांना ही गोष्ट आता सवयीची झाली होती. त्यांनीच पुढचं विचारलं, "ॲन्ड व्हॉट युअर आजी युज्ड टु पुट इन इट?" चिंच आणि गूळ, बाबा म्हणाले. काकांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

सोमवार

बाबांची बॅग आम्ही निघताना विमानतळावरच मिळाली, न उघडलेली. आतले सगळे कपडे घडीचे तसेच घरी परत गेले.

परसादाची पुडी बाबांनी रात्री उघडली नव्हती. विमान वर गेल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली. कागदाला तुपाचे डाग पडले होते. आत शिऱ्यासारखा, दुधातुपातला, बेदाणे घातलेला मऊ लगदा. "आपल्या सत्यनारायणाचाच," ते म्हणाले, "फक्त केळं नाही." त्यांनी अर्धा मला दिला, थोडा स्वतः खाल्ला. मग खिडकीशी बसलेल्या मुलीकडे वळले. विशी-बाविशीची, कानात गाणी, न्यू यॉर्कला शिकणारी असावी. बाबांनी पुडी पुढे केली. "परसाद?"

तिने कानातले काढले, सरळ बसली, डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे केली.